क्रूसह यॉट भाड्याने घेताना एपीएचा हिशोब: मराठवाड्यातून पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

क्रूसह मोठी यॉट आठवडाभरासाठी घ्यायचं ठरलं की ब्रोकरकडून जो पहिला कागद येतो, त्यावर एकच आकडा ठळक असतो. तो चार्टर फीचा, म्हणजे बोटीच्या भाड्याचा. प्रत्यक्षात सगळं मिळून जेवढा खर्च येतो, त्याच्या साधारण दोन तृतीयांशच तो आकडा भरतो. बाकीच्यात कर असतो, क्रूची बक्षिसी असते आणि या दोन्हींपेक्षा मोठी अशी एक रक्कम असते: ॲडव्हान्स प्रोव्हिजनिंग अलाउन्स, म्हणजेच एपीए, प्रवासातल्या खर्चासाठी आगाऊ द्यायची रक्कम.

परदेश प्रवासाची कागदपत्रं आणि हिशोब पाहणं हे माझं काम. संभाजीनगर, जालना, लातूरकडची कुटुंबं आई-वडिलांच्या लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाला क्रोएशिया, तुर्कस्तान किंवा इटलीच्या समुद्रावर जायचं म्हणून चौकशीला येतात, तेव्हा बोलणं हमखास याच ओळीवर अडतं. लातूरच्या एका डाळमिलवाल्या काकांनी मला सरळच विचारलं होतं, "अहो, हे एपीएचे 30 टक्के म्हणजे मधल्या माणसाचं कमिशन का?" प्रश्न रास्त आहे. उत्तर मात्र ‘नाही’ असं आहे. तो कुणाचा नफा नाही, ते तुमचेच पैसे आहेत. खर्च होईपर्यंत ते तुमचेच राहतात आणि उरले तर परत मिळतात. किती खर्च होतील हे मोठ्या प्रमाणात तुम्ही घरी बसून ठरवलेला मार्ग आणि भरलेला आवडी-निवडीचा कागद यांवर ठरतं. म्हणून हा लेख थोडा सविस्तर.

पहिली पायरी: रक्कम कशाची आहे ते नीट समजून घ्या

तिरुपतीला जायला ट्रॅव्हलर ठरवताना गाडीभाडं वेगळं बोलतात आणि डिझेल, टोल, पार्किंग पार्टीकडे असतं. यॉटचंही तसंच. चार्टर फीमध्ये बोट, तिचा विमा, कॅप्टन आणि क्रूचा पगार, क्रूचं स्वतःचं जेवण एवढं येतं. बोट चालली, थांबली, तुम्ही जेवलात, किनाऱ्याला लागलात की जो खर्च होतो तो तुमचा. फरक एवढाच की समुद्रात दर वेळी पाकीट काढणं शक्य नसतं, म्हणून ती रक्कम आधीच कॅप्टनच्या हाती दिलेली असते आणि तो तुमच्या वतीने खर्च करून पावत्या जपतो.

मोटर यॉटला एपीए बहुधा चार्टर फीच्या 30 टक्क्यांच्या आसपास मागतात. शिडाच्या बोटीला आणि कॅटामरानला (जोड-सांगाड्याच्या बोटीला) इंधन कमी लागतं, तिथे 20 ते 25 टक्के. फार वेगवान, इंधन पिणारी बोट असेल तर 35 ते 40 टक्केही सांगतात. हा अंदाज असतो, कमाल मर्यादा नव्हे. रक्कम संपली तर मध्येच भर घालावी लागते आणि तसं करारात लिहिलेलं असतं.

भूमध्य समुद्रातले बहुतेक करार मायबा या संघटनेच्या नमुन्यावर होतात. ही यॉट ब्रोकरांची संघटना 1984 साली स्थापन झाली. या नमुन्यातलं एपीएचं कलम छोटं असलं तरी तुमच्या बाजूने भक्कम आहे. कॅप्टनने वेळोवेळी किती खर्च झाला ते सांगायचं, उतरण्याआधी तपशीलवार हिशोब आणि शक्य तितक्या पावत्या द्यायच्या, उरलेली रक्कम परत करायची. सही करण्याआधी हे कलम स्वतः वाचा. मुलगा इंग्रजी चांगलं वाचतो म्हणून त्याच्यावर सोपवू नका. पैसे ज्याचे, त्याने वाचावं.

दुसरी पायरी: मुळात एपीए लागू आहे का, ते पाहा

सगळीकडे ही पद्धत नसते. कॅरिबियनमधल्या, विशेषतः ब्रिटिश व्हर्जिन आयलंड्समधल्या बऱ्याच क्रू असलेल्या कॅटामरान सर्वसमावेशक दराने मिळतात. जेवण, नेहमीची पेयं, इंधन सगळं त्यात धरलेलं. तुर्कस्तानातल्या गुलेट, म्हणजे लाकडी पारंपरिक बोटी, अनेकदा मधल्या पद्धतीने देतात: रोजचे ठरावीक तास इंजिन चालवण्याचं इंधन भाड्यात, जेवण माणशी वेगळं, पेयं त्याहून वेगळी.

चार-सहा माणसांचं कुटुंब पहिल्यांदाच जात असेल, तर मी सर्वसमावेशक किंवा गुलेटच्या पद्धतीने जाण्याचाच सल्ला देतो. हिशोबाची धाकधूक राहत नाही. पण मोठी मोटर यॉट हवी असेल तर एपीए टळत नाही. मग पुढचं वाचा.

आणखी एक गोष्ट इथेच तपासा. भाड्याने मिळणाऱ्या बहुतेक यॉटवर पाहुणे 12 पेक्षा जास्त घेता येत नाहीत, कारण त्याहून जास्त प्रवासी झाले की आंतरराष्ट्रीय नियमांनुसार ते प्रवासी जहाज ठरतं आणि त्याचे नियम फार कडक आहेत. कडेवरचं बाळ या 12 मध्ये मोजतात का, तेही आधी विचारून घ्या. जालन्याच्या एकत्र कुटुंबात ‘तेरावा कुणीतरी येईलच’ असं गृहीत धरलं जातं, ते इथे चालणार नाही.

तिसरी पायरी: कशात काय येतं, त्याची उजळणी

एपीएमधून जातं ते असं: मुख्य इंजिनांचं इंधन, जनरेटरचं इंधन, मोठ्या बोटीसोबतच्या लहान बोटीचं आणि जेट स्कीचं पेट्रोल, पाहुण्यांचं खाणंपिणं, बंदरात रात्र काढण्याचं भाडं, तिथली वीज आणि पाणी, राष्ट्रीय उद्यानांची तिकिटं, बंदरातल्या एजंटची फी, तुमच्या कपड्यांची धुलाई, इंटरनेट, फुलं, केक, वाढदिवसाची सजावट आणि तुम्ही मागाल ते सगळं.

एपीएमध्ये येत नाही ते: मूल्यवर्धित कर. हा त्या त्या देशाचा असतो. क्रोएशियात क्रूसह चार्टरवर 13 टक्के. इटलीचा सर्वसाधारण दर 22 टक्के, फ्रान्सचा 20, स्पेनचा 21. बक्षिसी येत नाही. बोटीच्या नुकसानीची अनामत असली तर तीही वेगळी. बोट दुसऱ्या बंदरातून तुमच्यापर्यंत आणण्याचा खर्च हा मात्र वादाचा मुद्दा होऊ शकतो. बोट इटलीत उभी आहे आणि तुम्हाला क्रोएशियातल्या स्प्लिटहून चढायचंय, तर ती रिकामी येण्याचं इंधन कोण देणार? करारात स्पष्ट लिहून घ्या. नाहीतर पहिल्या दिवशीच एपीएतून मोठी रक्कम वजा झालेली दिसते आणि ती चूक आहे की बरोबर, हे ठरवायला हातात कागद नसतो.

चौथी पायरी: मार्ग आणि वेग ठरवा, कारण इंधन इथेच ठरतं

एपीएमधला सगळ्यात मोठा वाटा बहुतेक वेळा इंधनाचा असतो, आणि त्यावर सगळ्यात जास्त ताबाही तुमचाच असतो. उदाहरण म्हणून एक हिशोब मांडतो. आकडे समजण्यापुरते घेतले आहेत, तुमच्या बोटीचे ब्रोकरकडून मागून घ्या.

जालन्याचं आठ जणांचं कुटुंब, क्रोएशियात सात दिवस, 28 मीटरची मोटर यॉट. चार्टर फी 60,000 युरो. एपीए 30 टक्के, म्हणजे 18,000. कर 13 टक्के, म्हणजे 7,800. बक्षिसी 10 टक्के धरली तर 6,000. एकूण 91,800 युरो. सोयीसाठी युरोला 100 रुपये धरा, म्हणजे 92 लाखांच्या जवळ. ‘60 लाखांत यॉट’ असं ज्यांनी घरी सांगितलं असेल, त्यांनी ही बेरीज आधीच मांडलेली बरी.

आता 18,000 चं काय होतं? बोट रोज तीन तास 12 नॉट (तासाला 12 सागरी मैल) वेगाने चालली, म्हणजे रोज 36 सागरी मैल. एक सागरी मैल 1.852 किलोमीटरचा, तेव्हा साधारण 67 किलोमीटर. या वेगाला तासाला 150 लिटर डिझेल लागतं असं धरू, म्हणजे रोज 450 लिटर. जनरेटर रात्रंदिवस एसी, स्वयंपाकघर आणि समुद्राचं पाणी गोडं करणारं यंत्र चालवतो. त्याचे रोज 240 लिटर. दोन्ही मिळून 690, आठवड्याचे 4,830 लिटर. लिटरला 1.60 युरोने 7,728 युरो. जेवणखाण माणशी रोज 100 युरोने 5,600. बंदरात दोन रात्री, 1,600. तिकिटं, एजंट, धुलाई, इंटरनेट मिळून 900. बेरीज 15,828. परत मिळतील 2,172 युरो.

आता हाच मार्ग, हीच माणसं, हेच जेवण. फक्त मुलं म्हणाली, "काका, जोरात घ्या ना." कॅप्टनने 22 नॉटवर नेली. या वेगाला तीच बोट तासाला 450 लिटर पिते. अंतर लवकर कापलं जातं, 36 मैलांना दीड-पावणेदोन तासच लागतात, पण डिझेल रोज 450 ऐवजी 736 लिटर जातं. आठवड्यात 2,000 लिटर जास्त, म्हणजे 3,200 युरो. बेरीज 19,000 च्या वर गेली. जिथे 2,000 परत मिळणार होते तिथे आता 1,000 खिशातून भरायचे. एक थेंब जास्त प्यायला नाही, एक घास जास्त खाल्ला नाही, फक्त वेग बदलला.

म्हणून ब्रोकरला दोन प्रश्न लेखी विचारा. सावकाश वेगाला तासाला किती लिटर आणि कमाल वेगाला किती? जनरेटरला किती? चांगला ब्रोकर ही माहिती एका दिवसात देतो. टाळाटाळ झाली तर मी तरी ती बोट घेऊ देत नाही.

मुलांची हौसही भागवा. एखाद्या दिवशी अर्धा तास वेगात न्यायला सांगा. रोज नको.

थांबण्याच्या जागेचंही असंच आहे. खाडीत नांगर टाकून रात्र काढली तर बहुतेक ठिकाणी फुकट किंवा अगदी थोडक्यात भागतं. ऐन जुलै-ऑगस्टमध्ये ह्वार, पोर्टोफिनो, काप्री, पोर्तो चेर्वो, मोनॅको अशा नावाजलेल्या बंदरात धक्क्याला लागायचं झालं तर एका रात्रीचं भाडं हजारोंच्या घरात जाऊ शकतं. मोनॅकोत ग्रां प्रीच्या आठवड्यात तर विचारूच नका. माझा सल्ला असा की, गावात फिरायला लहान बोटीने जा, झोपायला खाडीत परत या. समुद्राचं पाणी सकाळी जितकं स्वच्छ खाडीत मिळतं, तितकं धक्क्याला मिळत नाही, आणि आई-वडिलांना शांत झोप लागते हे वेगळंच.

आणखी एक मुद्दा देशांच्या सीमेचा. क्रोएशिया 1 जानेवारी 2023 पासून शेंगेनमध्ये (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात) आहे आणि त्याच दिवसापासून तिथे युरो चालतो. शेजारचा मॉन्टेनेग्रो शेंगेनमध्ये नाही. डुब्रोवनिकहून ‘एक दिवस कोटरला जाऊन येऊ’ म्हटलं की बोटीची बाहेर पडण्याची आणि आत येण्याची कागदपत्रं होतात, एजंटची फी दोनदा एपीएतून जाते आणि तुमच्या पासपोर्टवर एकदाच प्रवेश देणारा शेंगेन व्हिसा असेल तर परत आत येता येत नाही. मार्ग व्हिसाच्या अर्जाआधी ठरवा.

पाचवी पायरी: आवडी-निवडीचा कागद जीव लावून भरा

ब्रोकर एक प्रेफरन्स शीट पाठवतो. पुष्कळ जण ती विमानतळावर बसून, घाईत, ‘शाकाहारी, बाकी काहीही चालेल’ एवढंच लिहून पाठवतात. त्या ‘काहीही चालेल’चे पैसे लागतात. शेफला तुमची चव माहीत नसते, म्हणून तो सगळ्याची थोडी थोडी तयारी ठेवतो: चार प्रकारचं चीज, ताजी मासळी, वाइन, शॅम्पेन, महागडं आयात पाणी. ते सगळं तुमच्या एपीएतून येतं, खाल्लं काय नि न खाल्लं काय.

घरातल्या प्रत्येकाचं वेगळं लिहा. आजी एकादशीला आणि संकष्टीला उपवास करतात, त्या दिवशी भगर, साबुदाणा, शेंगदाणे, दही, फळं. त्या आठवड्यात हे दिवस कोणत्या तारखेला येतात ते पंचांगात पाहून तारीखच लिहा, परदेशी शेफला एकादशी सांगून कळणार नाही. कुणी कांदा-लसूण खात नसेल तर तसं. घरात जैन सून असेल तर कंदमुळं नकोत, हेही. अंडं केकमध्ये चालतं का, तेही लिहा, कारण युरोपात केक म्हटलं की अंडं गृहीत असतं. चहा दिवसातून किती वेळा, दूध-साखर घालून उकळलेला की पिशवीचा, हे क्षुल्लक वाटतं. पण आपल्याकडच्या माणसाला सकाळी सहाला नीट चहा मिळाला नाही तर पुढचा दिवस बिघडतो. घरात कुणी दारू पीत नसेल तर ‘मद्य अजिबात मागवू नये’ असं ठळक लिहा. पिणारे असतील तर ब्रँड आणि अंदाजे बाटल्या लिहा आणि न उघडलेल्या बाटल्या दुकानाला परत करता येतील अशा अटीने घ्यायला सांगा. सगळीकडे ते जमत नाही, पण विचारल्याशिवाय कुणी करत नाही.

आता मसाल्याचं. स्प्लिटसारख्या मोठ्या गावात टोमॅटो, वांगी, ढोबळी मिरची, पालेभाज्या उत्तम मिळतात. भेंडी, मेथी, कढीपत्ता, ज्वारीचं पीठ मागितलं की पुरवठादार ते कुठून तरी लांबून मागवतो आणि वाहतुकीसकट बिल लावतो. तेव्हा काळा मसाला, येसर, शेंगदाण्याची चटणी, हळद-तिखट, भगर असं कोरडं सामान सीलबंद पाकिटात घरूनच न्या. पण युरोपीय संघात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. घरचं तूप, खव्याचे पेढे, पनीर विमानतळावरच काढून घेतात. ताजा भाजीपाला आणि बहुतेक फळांनाही रोगमुक्ततेचं सरकारी प्रमाणपत्र लागतं, म्हणून केसर आंब्याची पेटी नेण्याचा मोह टाळा.

धपाटे किंवा वरण-भात कसा करायचा याची साधी कृती, फोटोसकट, शेफला आधी पाठवा. यॉटवरचे शेफ शिकलेले असतात आणि नवीन पदार्थ करायला त्यांना मनापासून आवडतं. एका आजींनी क्रोएशियन शेफला पोळी लाटायला शिकवली, त्याचा व्हिडिओ त्यांच्या नातवाने मला दाखवला होता. पहिली पोळी तव्यावर फुगली तेव्हा त्या पोराने टाळ्या वाजवल्या.

आपला महाराज सोबत नेण्याचं काही जण सुचवतात. करता येतं, पण तो 12 पाहुण्यांत मोजला जातो, एक खोली अडवतो, त्याचा व्हिसा लागतो आणि कॅप्टनची परवानगी लागते. आठ-नऊ माणसांच्या कुटुंबाला ते परवडतं, बारा जणांना शक्यच नाही.

सहावी पायरी: पैसे इथून तिथे कसे जातात

साधारण पद्धत अशी की सही करताना चार्टर फीचा अर्धा भाग आणि प्रवासाच्या सुमारे महिनाभर आधी उरलेला अर्धा भाग, कर आणि संपूर्ण एपीए. पैसे ब्रोकरच्या ग्राहक-खात्यात जातात आणि एपीए तिथून प्रवासाच्या तोंडावर कॅप्टनला मिळतो.

भारतातून हे पैसे व्यक्तीने रिझर्व्ह बँकेच्या लिबरलाइज्ड रेमिटन्स स्कीममधून पाठवायचे असतात. मर्यादा एका आर्थिक वर्षात माणशी 2,50,000 अमेरिकी डॉलर. मराठवाड्यातल्या व्यापारी घरांनी इथे जपायला हवं. ही योजना फक्त व्यक्तींसाठी आहे. कंपनी, भागीदारी फर्म, ट्रस्ट आणि हिंदू अविभक्त कुटुंबाचं (एचयूएफ) खातं यांना ती लागू नाही. मोंढ्यावरच्या पेढीच्या खात्यातून किंवा एचयूएफच्या खात्यातून पैसे पाठवतो म्हटलं तर बँक नाही म्हणेल, आणि ऐन वेळी नाही म्हणेल. आधी आपल्या वैयक्तिक खात्यात पैसे रीतसर आणा, त्यासाठी तुमच्या सीएशी बोला. रक्कम पती-पत्नी आणि मोठ्या मुलांत विभागून पाठवायची असेल तर करारात त्यांची नावं हवीत.

बँकेत पॅन आणि ए-2 अर्ज लागतो, सोबत करार आणि ब्रोकरचं बिल. परकीय चलनाचं काम प्रत्येक शाखेत होत नाही. तालुक्याच्या गावची शाखा कागद मोठ्या शाखेकडे पाठवते आणि त्यात दिवस जातात. मुदतीच्या निदान पंधरा दिवस आधी सुरुवात करा. मधल्या बँकांचे शुल्क पाठवणाऱ्याने भरायचे, असा पर्याय निवडा. नाहीतर 18,000 पाठवले आणि थोडे कमी पोचले की तेवढ्यासाठी पुन्हा सगळा सव्यापसव्य.

ठरावीक मर्यादेच्या वर बँक टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच आगाऊ वसूल होणारा प्राप्तिकर, कापते. ही पद्धत ऑक्टोबर 2020 पासून आहे. ऑक्टोबर 2023 मध्ये दर वाढले, एप्रिल 2025 मध्ये मर्यादा 7 लाखांवरून 10 लाख झाली. अर्थसंकल्पागणिक यात बदल होत आलेत, म्हणून पाठवण्याच्या आठवड्यात लागू असलेला दर बँकेकडून लेखी घ्या. टीसीएस हा जास्तीचा खर्च नाही. तो तुमच्या नावे प्राप्तिकर खात्याच्या कर-जमा विवरणात (26एएस) दिसतो आणि प्राप्तिकराच्या विवरणपत्रात वळता होतो. पण तोपर्यंत पैसे अडकतात, आणि यॉटच्या रकमेवर ते लाखांत असतात. त्याची तजवीज आधीच करा.

एक सावधगिरी कळकळीने सांगतो. ‘आमचं बँक खातं बदललंय, या नव्या खात्यात पाठवा’ असा ईमेल आला तर पैसे पाठवू नका. करारावरच्या जुन्या फोन नंबरवर स्वतः फोन करून विचारा. ईमेल चोरून वाचणारे ठग बरोबर या महिन्याचीच वाट पाहत असतात.

एपीए मध्येच संपला तर काय, याचा विचारही आत्ताच करायचा. कॅप्टन शनिवारी ह्वारच्या धक्क्यावर "आणखी 4,000 लागतील" म्हणाला आणि आपल्याकडे दुसरा शनिवार असला तर सोमवारपर्यंत शाखा बंद. रोख नेण्यावर मर्यादा आहे: बहुतेक देशांसाठी एका प्रवासात 3,000 डॉलरपर्यंतच्या नोटा, बाकी फॉरेक्स कार्डवर. युरोपीय संघात 10,000 युरो किंवा त्याहून जास्त रोख घेऊन शिरताना जाहीर करावं लागतं. कॅप्टनकडे कार्ड चालतंच असं नाही. म्हणून निघण्याआधी नेट बँकिंगवर परदेशी रक्कम पाठवण्याची सोय सुरू करून ब्रोकरचं खातं त्यात जोडून ठेवा. किनाऱ्यावरच्या हॉटेलांत जेवाल तेव्हा बिल थेट आपल्या फॉरेक्स कार्डवर द्या, एपीएवर टाकू नका.

सातवी पायरी: बोटीवर चढल्यावर

पहिल्या संध्याकाळी, सामान लागलं की कॅप्टनसोबत दहा मिनिटं बसा. इंधनाच्या टाकीची सुरुवातीची पातळी किती, ती लिहून घ्या आणि कागदावर त्याची सही घ्या. शेवटी मोजणी याच आकड्यावरून होते. भरून आणलेल्या किराण्याची पहिली पावती पाहा.

मग तिसऱ्या किंवा चौथ्या दिवशी अर्धा हिशोब मागा. यात संकोच बाळगू नका. आपल्याकडे पाहुणचारात हिशोब विचारणं बरं दिसत नाही, पण इथे कॅप्टनलाच ते हवं असतं, शेवटी वाद नको म्हणून. तो कागद दाखवेल तेव्हा तीन गोष्टी पाहा: इंधनाचे लिटर आणि दर वेगवेगळे लिहिलेत का, वस्तू मूळ पावतीच्या किमतीतच लावलीय का, आणि क्रूच्या जेवणाचं सामान तुमच्या यादीत शिरलंय का. खर्चावर कॅप्टनने नफा लावायचा नसतो. निम्मा आठवडा झाला आणि 60-65 टक्के रक्कम गेली असेल तर उरलेले दिवस कमी चाला, खाडीत थांबा. अजून वेळ आहे.

घरातल्या एकाच माणसाने मागण्या सांगाव्यात, असंही ठरवा. आठ जण आठ वेळा "जरा लॉबस्टर मागवा", "जरा जेट स्की काढा" म्हणू लागले की कॅप्टन नाही म्हणत नाही.

आठवी पायरी: उतरण्याआधी

आदल्या रात्री अंतिम हिशोब मागा, सकाळी नको. सकाळी सगळ्यांचं लक्ष विमानाकडे असतं. पावत्यांचे फोटो काढून घ्या. उघडलेलं पण न संपलेलं सामान बोटीवरच राहतं, न उघडलेलं तुमचं असतं. बांधून नेण्यासारखं असेल ते न्या, बाकी क्रूला द्या.

बक्षिसी भूमध्य समुद्रात चार्टर फीच्या 5 ते 15 टक्क्यांत देतात, कॅरिबियनमध्ये आणि अमेरिकी पद्धतीच्या बोटींवर 15 ते 20 टक्के. ती ऐच्छिक आहे आणि कॅप्टनकडे देतात, तो सगळ्यांत वाटतो. उरलेला एपीए बक्षिसी म्हणून देण्याची पद्धत आहे, ती मला सोयीची वाटते, कारण रोख न्यावी लागत नाही. मात्र रक्कम तुम्ही ठरवा. ज्या पोरांनी आठवडाभर आजीचा हात धरून तिला पायऱ्या उतरवल्या, समुद्रात पाय बुडवून दिले, त्यांना सढळ हाताने द्या. काम यथातथाच झालं असेल तर कमी द्यायला लाजू नका.

उरलेली मोठी रक्कम रोख घेऊ नका. भारतात येताना 5,000 डॉलरहून जास्त किमतीच्या परकीय नोटा, किंवा नोटा आणि प्रवासी धनादेश मिळून 10,000 डॉलरहून जास्त असतील, तर कस्टमला जाहीर कराव्या लागतात. शिवाय परतल्यावर 180 दिवसांत जास्तीचं चलन बँकेला परत करावं लागतं, फक्त 2,000 डॉलरपर्यंत स्वतःजवळ ठेवता येतं. त्यापेक्षा ज्या खात्यातून पैसे गेले त्याच खात्यात परत मागवा आणि किती दिवसांत येतील ते कॅप्टनच्या हिशोबाच्या कागदावरच लिहून घ्या. परताव्याचा व्यवहार बँकेत आला की त्याचा तपशील, मूळ ए-2 अर्जाची प्रत, टीसीएसचं प्रमाणपत्र आणि कॅप्टनचा अंतिम हिशोब एकाच फाइलमध्ये लावून त्या वर्षीचं विवरणपत्र भरायच्या आधी सीएकडे द्या.